तगरच्या नटव्या

तेरला गेलात तर तिथल्या संग्रहालयातली बायकांची डोकी बघा. भाजक्या मातीची आहेत, अंगठ्याएवढी ते मुठीएवढी. धडं बहुतेकींची गेली. मातीच्या बाहुलीत मान हा सगळ्यांत नाजूक भाग, त्यामुळे दोन हजार वर्षांत आधी मोडते ती तीच. उरलं ते डोकं आणि डोक्यावर जे काही आहे ते.

काय काय आहे म्हणता! कुणाचा अंबाडा मागे न बांधता एका कानाकडे कललेला. कुणाच्या भांगातून मण्यांची सर उतरून कपाळावर पदक होऊन थांबलेली. कुणी केसांभोवती कापडाचा पीळ गुंडाळलाय, कुणी फुलांची वळी बसवलीय. कानांत जाड, गोल चकत्या, त्या इतक्या मोठ्या की पाळ्यांची कीव यावी. चेहरे मात्र एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात असे: भरलेले गाल, टपोरे डोळे, किंचित पुढे आलेला खालचा ओठ. बाई कोण होती हे कुंभाराला सांगायचंच नसावं, ती नटली कशी होती एवढंच सांगायचं असावं.

तेर हे धाराशिव तालुक्यातलं, तेरणा नदीकाठचं गाव. वारकऱ्यांना ते संत गोरोबाकाका कुंभारांमुळे माहीत. इतिहासवाल्यांना ‘तगर’ म्हणून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं एक व्यापारी पुस्तक आहे, म्हणजे दर्यावर्दी व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली वाटाड्याची वही. त्यात म्हटलंय की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणापासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे. भूगोलकार टॉलेमीनंही या नगराची नोंद केली आहे. पुढे कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत राहिले, पण ते तगर नेमकं कुठलं हे लोक विसरून गेले. कुणी जुन्नर म्हटलं, कुणी देवगिरी, रा. गो. भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखवलं. अखेर १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज पुराभिलेखतज्ज्ञानं तगर म्हणजे तेर हे मांडलं, आणि त्यापाठोपाठ पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सनं गावात येऊन पाहणी केली. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ मुळात बौद्धांचं विटांचं चैत्यगृह होतं, हे तेव्हा जगाला कळलं.

आता जरा पॅरिसला जाऊ. वाट वाकडी वाटेल, पण ती परत तेरलाच येते.

१९०० सालच्या आसपास पॅरिसमध्ये पॉल सेझार एल्यू नावाचा चित्रकार होता. जन्म १८५९चा, ब्रिटनी प्रांतातल्या व्हान गावचा. त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: हॅट घातलेल्या डौलदार बायका. देगा, रेन्वार, माने यांनीही हॅटवाल्या बायका रंगवल्या. देगानं तर हॅटच्या दुकानांचीच चित्रं काढली. पण एल्यूचं तंत्र निराळं होतं. तांब्याच्या पत्र्यावर तो हिऱ्याच्या टोकानं थेट ओरखडायचा. ही हिऱ्याची लेखणी त्याला जेम्स टिसो या थोरल्या चित्रकारानं दिली होती. आधी कच्चं रेखाटन नाही, खोडायची सोय नाही. हिरा तांबं चिरत जातो तेव्हा रेषेच्या कडेला धातूचा बारीक कंगोऱ्यासारखा कीस उभा राहतो. शाई चरीत तर धरतेच, त्या किसातही अडकते आणि छापताना रेषेला मखमलीसारखी मऊ कडा येते. ड्रायपॉइंट म्हणतात ते हेच.

अशी दोन हजारांवर चित्रं त्यानं केली. त्यांतली पुष्कळशी बायको अ‍ॅलिसची. ती चौदा वर्षांची असताना त्यानं तिला पहिल्यांदा काढलं आणि दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, तिच्याशी लग्न केलं. त्याची चित्रं पाहताना एक गंमत ध्यानात येते. चेहरा चार-सहा रेषांत आटोपलेला. नाक म्हणजे एक वळण, ओठ म्हणजे दोन स्पर्श. पण हॅट! तिथे हात सुटलाय. पिसं, फिती, जाळी, झालर, सगळं रेषांच्या वादळात. बाईची ओळख पुसट, तिचा डौल मात्र ठळक.

त्या पिसांची एक बाजू आपल्याकडेही येते. हॅटवर लागणारे तुरे बगळ्यांचे असत, विणीच्या काळात पाठीवर फुटणाऱ्या तलम पिसांचे. ती सोन्याच्या तोलात विकली जात आणि त्यांसाठी जगभरच्या पाणथळींवर बगळे मारले जात. त्यांत हिंदुस्थानातलेही होते. १९०२ साली ब्रिटिश हिंदुस्थान सरकारला पक्ष्यांची पिसं आणि कातडी बाहेर धाडण्यावर बंदी घालावी लागली. पॅरिसच्या नटण्याची किंमत इथल्या तळ्यावरचा बगळा मोजत होता. एल्यूची चित्रं मला आवडतात, पण ही गोष्ट कळल्यापासून त्या पिसांकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहवत नाही.

तर एल्यूच्या पिढीतल्या पॅरिसकरांना डौलदार बाईचं वेड लागलं त्याला एक मजेदार कारण जमिनीखालून मिळालं होतं. ग्रीसमध्ये तानाग्रा नावाचं गाव आहे. १८७०च्या सुमाराला तिथल्या शेतकऱ्यांना जुन्या कबरींत मातीच्या बाहुल्या सापडू लागल्या. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या. देव नाहीत, वीर नाहीत, साध्या शहरी बायका: अंगभर वस्त्र लपेटलेल्या, हातात पंखा, आणि काहींच्या डोक्यावर चक्क हॅट. रुंद काठाची, मधे टोकदार शेंडा असलेली, उन्हाची टोपी. ती वेगळी घडवून डोक्यावर चिकटवलेली असे. युरोप वेडा झाला. १८७८च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या बाहुल्या मांडल्या गेल्या, तेव्हा बघ्यांना वाटलं, या तर आपल्याच बायका! प्राचीन काळच्या पॅरिसकरणी. जाँ-लिओं जेरोम या फ्रेंच कलाकारानं १८९० साली ‘तानाग्रा’ नावाचं शिल्पच केलं, आणि पुढे एका चित्रात प्राचीन दुकानात बसून मातीच्या बाहुल्या रंगवणारी बाई दाखवली. लूव्र संग्रहालयानं बाहुल्या विकत घेतल्या, श्रीमंतांनी घेतल्या, आणि मागणी वाढली तसे नकली बाहुल्यांचे कारखानेही निघाले.

तगर आणि तानाग्रा यांना जोडणारी गोष्ट म्हणजे साचा.

ग्रीकांनी बाहुल्या करण्यासाठी साच्यांचं तंत्र मुरवलं. पुढचा साचा, मागचा साचा, आत पोकळी. हेलेनिस्टिक आणि रोमन जगात ते सगळीकडे पसरलं. आपल्याकडे मातीच्या बाहुल्या सिंधू संस्कृतीपासून होत आल्या आहेत, पण त्या बहुतेक हातानं घडवलेल्या, आणि पुढे एकेरी साच्यातल्या, म्हणजे पुढून उठाव आणि मागून सपाट. सातवाहनांच्या काळात दख्खनमध्ये अचानक दुहेरी साच्याच्या, पोकळ, चहूबाजूंनी बघाव्यात अशा बाहुल्या दिसू लागतात. तेर, पैठण, नेवासा, भोकरदन आणि तेलंगणातलं कोंडापूर. रोमशी भरभराटीचा व्यापार चालू होता तो हाच काळ. हे तंत्र त्याच वाटेनं आलं असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे पॅरिसच्या चित्रकारांना जिनं भुरळ घातली ती हॅटवाली ग्रीक बाहुली आणि तेरची अंबाडेवाली, दोघींचं माहेर तंत्रापुरतं तरी एकच.

साचा चालतो कसा? मोदकाचा दोन पाकळ्यांचा साचा डोळ्यांसमोर आणा, काम निम्मं झालं. आधी कसबी कारागीर मातीचा एक मूळ नमुना घडवतो. त्यावर ओली माती दाबून पुढचा आणि मागचा असे दोन ठसे घेतो. ते वाळवून भाजले की साचे तयार. मग दोन्ही साच्यांत मातीचा पातळ थर अंगठ्यानं दाबत दाबत कानाकोपऱ्यांत बसवायचा, दोन्ही अर्धे जोडायचे, थोडं वाळू द्यायचं. वाळताना माती आकसते आणि साच्यापासून आपोआप सुटते. कडेची शिवण चाकूनं तासायची. पण घाईतल्या कारागिराच्या हातून ती नीट तासली जात नाही आणि कानामागून मानेपर्यंत उतरलेली ती बारीक रेघ दोन हजार वर्षांनीही बोटाला लागते.

पोकळ का करायची? कारण भरीव माती भट्टीत फुटते. बाहेरचं लवकर वाळतं, आतला ओलावा अडकून बसतो, आच लागली की त्याची वाफ होते आणि बाहुली तडकते. पातळ भिंत सगळीकडून सारखी वाळते. शिवाय हवेला वाट म्हणून छोटं भोक ठेवता येतं.

मातीही साधी नव्हती. मराठवाड्याची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती सोनं आहे, पण तिच्यात नाजूक नाक-डोळे टिकत नाहीत. कुंभाराची नेहमीची माती भाजल्यावर लाल होते, कारण तिच्यात लोह असतं. तेरच्या सुबक बाहुल्यांपैकी कितीतरी केओलिनच्या आहेत. ही पांढरी, मऊसूत, अगदी बारीक कणांची माती. लोह नगण्य, म्हणून भाजूनही फिकट राहते. कण इतके बारीक की साच्यातला प्रत्येक मणी, केसांची प्रत्येक बट उमटते. या मातीची खरी चिनी भांडी व्हायला हजार अंशांच्या बऱ्याच वर आच लागते. तेवढं तापमान गावच्या भट्टीत येत नाही, म्हणून बाहुली हलकी आणि खडूसारखी सच्छिद्र राहते. काहींवर लाल लेप चढवलेला असे.

आणि इथे एल्यूचा तांब्याचा पत्रा आठवतो. ड्रायपॉइंटच्या पत्र्यावरचा तो कीस प्रत्येक छाप्यागणिक दबत जातो. पहिले काही छापे मखमली, मग रेषा कोरडी. काही डझनांनंतर पत्रा थकतो. साच्याचंही तसंच होतं. नव्या साच्यातून निघालेल्या बाईच्या कपाळावरचे मणी मोजता येतात, शेवटाकडे आलेल्या साच्यातून निघालेलीच्या कपाळावर नुसता जाड पट्टा उरतो. याहून नवलाची गोष्ट अशी की साचा थकला आणि मूळ नमुना हाताशी नसला तर कारागीर सरळ एखाद्या तयार बाहुलीवरूनच नवा साचा घेई. पण माती वाळताना आणि भाजताना आकसते, जवळजवळ दहाव्या हिश्शानं. म्हणून नव्या साच्यातली बाई आपल्या आईपेक्षा दहाव्या हिश्शानं लहान. तिच्यावरून पुन्हा साचा घेतला तर नात आणखी लहान, चेहरा आणखी धूसर. ग्रीक बाहुल्यांचे अभ्यासक नुसत्या मापांवरून अशा पिढ्या लावतात: ही आजी, ही लेक, ही नात. फॅशन कशी पसरते, कशी झिजते, हे पट्टीनं मोजता येतं!

म्हणून मला वाटतं, तेरच्या या बायकांना ‘शिल्पकला’ म्हणून एका कोपऱ्यात ठेवू नये. कार्ल्याच्या लेण्यातली दगडी जोडपी शिल्पकला आहेत. त्यांतल्या बायकाही भरपूर नटलेल्या आहेत, पण ते दगडाचं मोठं काम, दान देणाऱ्यांच्या पैशातून एकदाच झालेलं, देवाधर्माच्या जागी. तेरची बाहुली बाजारातली. एका साच्यातून पुष्कळ निघणारी, हातात मावणारी, घरी नेता येणारी. एखादी पूजेत बसली असेल, एखादी कोनाड्यात, एखादी पोरीच्या खेळात. पैठणला अंबाडा कसा बांधतात हे भोकरदनच्या सुनेला कळायला छापखाना नव्हता, पण अशी बाहुली प्रवास करू शकत होती.

शिवाय गाव कुठलं? कापडाचं. ‘पेरिप्लस’कारानं तगरहून भडोचला काय जातं ते लिहून ठेवलंय: भरपूर जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि एक जांभळट छटेचं म्हणून समजलं जाणारं खास वस्त्र. ते सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला जाई. भोवती कापसाची काळी जमीन, मधे नदी. तेरच्या उत्खननात विटांच्या टाक्या मिळाल्या, त्या कापड रंगवण्याच्या असाव्यात असं मानलं जातं. ज्या गावात सूत, विणकर, रंगारी आणि परदेशी गिऱ्हाइकांचे दलाल यांची रोजची ऊठबस, त्या गावाची नजर नटण्याच्या बाबतीत तयार असणारच. रोममध्ये थोरला प्लिनी हा लेखक कुरकुरत होता की हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) घेऊन जातो. त्या पैशातला थोडासा तेरणेच्या काठी आला. रोमन नाण्यांची हुबेहूब नक्कल करून केलेली मातीची पदकंही या भागात सापडतात, वर कडी असलेली, गळ्यात घालायची. परदेशी राजाचा मुखडा गळ्यात मिरवण्याची ही हौस! ब्रँडच्या नकली मालाचा जन्म चीनमध्ये झाला असं ज्यांना वाटतं त्यांनी ही पदकं बघावीत.

त्याच सुमाराला रोमच्या बायका डोक्यावर काय करत होत्या तेही बघण्यासारखं आहे. इसवी सन ६९ ते ९६ या काळातल्या त्यांच्या संगमरवरी अर्धपुतळ्यांवर कपाळाच्या वर कुरळ्या केसांची भिंत उभी दिसते आणि मागे वेण्यांचं वेटोळं. विद्वान वर्षानुवर्षं म्हणत आले की हे टोप असणार, खऱ्या केसांत असं होणं शक्य नाही. मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधली जॅनेट स्टीव्हन्स नावाची केशरचनाकार संग्रहालयात गेली आणि पुतळ्यांच्या मागच्या बाजूला जाऊन बघू लागली. तिच्या धंद्याच्या नजरेला दिसलं की वेण्या आकड्यांनी टोचलेल्या नाहीत, सुईदोऱ्यानं शिवलेल्या आहेत. तिनं खऱ्या केसांवर तसं करून दाखवलं आणि २००८ साली तिचा लेख रोमन पुरातत्त्वाच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. प्राध्यापकांना जे सुटलं नाही ते पार्लरमध्ये काम करणाऱ्या बाईनं सोडवलं.

तेरच्या डोक्यांपुढे अजून कुणी तशी उभी राहायला हवी. हा कललेला अंबाडा स्वतःच्या केसांचा की आत कापडाची गुंडाळी घालून फुगवलेला? ही मण्यांची सर केसांत ओवलीय की वरून बांधलीय? एवढ्या जड चकत्या पाळीवर तोलायच्या तर केसांतून दोरा घेतलाय का, आजही वेलाचं वजन आपण केसांत अडकवतो तसा? याची उत्तरं पोथीत नाहीत. लग्नसराईत पहाटे चारला उठून नवऱ्यामुलींचे खोपे घालणाऱ्या धाराशिव-तुळजापूरच्या ब्युटीशियन बायकांच्या बोटांत ती असण्याचा संभव जास्त.

आता तेरच्या सगळ्यांत नावाजलेल्या बाईकडे वळू. ती मातीची नाही, हस्तिदंताची. वीतभरही नसेल, पण चहूबाजूंनी कोरलेली: अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीच, दागिने मात्र गळ्यापासून घोट्यापर्यंत. कलाभ्यासक मोतीचंद्रांनी १९६० साली ‘ललित कला’ या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश अभ्यासक डग्लस बॅरेट यांची ‘तेर’ नावाची पुस्तिका मुंबईतून निघाली. गाजावाजा होण्याचं कारण इटलीत होतं. १९३८ साली पाँपेईच्या राखेतून अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला एक हस्तिदंती बाई सापडली होती, साधारण २५ सेंटिमीटर उंचीची, शेजारी प्रसाधनाच्या डब्या घेतलेल्या दोन छोट्या दासी. पाँपेई ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती बाई त्याआधी समुद्र ओलांडून तिथे पोचलेली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ‘पाँपेईची लक्ष्मी’ हे तिचं नाव पडलं खरं, पण देवीची लक्षणं तिच्यात फारशी नाहीत. नटून उभी राहिलेली बाईच ती. डोक्यापासून खाली गेलेलं भोक बघून काही जण म्हणतात ती आरशाची मूठ होती, काही म्हणतात छोट्या मेजाचा पाय.

तिच्या सर्वांत जवळच्या बहिणी मिळाल्या त्या मराठवाड्यात: एक तेरला, दुसरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, १९७३च्या उत्खननात. पाँपेईच्या बाईवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, त्यामुळे ती घडली कुठे यावर वाद आहे. ‘आमच्या तेरची बाई पाँपेईला गेली’ असं छातीठोक सांगणारे आपल्याकडे बरेच आहेत. पुरावा तेवढं सांगत नाही. पण बाईच्या उभं राहण्याचा, दागिन्यांचा, डोकं सजवण्याचा एकच नखरा वायव्य सरहद्दीपासून तेरणेपर्यंत चालत होता आणि तो नेपल्सच्या उपसागरापर्यंत विकला जात होता, एवढं तर पक्कं. मला हेच जास्त थरारक वाटतं.

या सगळ्या डोक्यांच्या गर्दीत तेरलाच एक उलटी मूर्तीही मिळते. धड आहे, डोकंच नाही. मोडलेलं नव्हे, मुळातच केलेलं नाही. लज्जागौरी ती. पाय फाकवून बसलेली, मातृत्वाची देवता. पुढच्या काळातल्या तिच्या मूर्तींत मुंडक्याच्या जागी कमळ येतं. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली तिच्या नावाचा ग्रंथच लिहिला. एकाच गावच्या, एकाच काळातल्या कुंभारांनी एका बाईचं डोकं इतक्या हौशीनं सजवावं आणि दुसरीचं ठेवूच नये! पहिली माणसांतली, बाजारातली, आजची. दुसरीला ना चेहरा, ना फॅशन. ती त्यांच्या लेखी काळाच्या बाहेरची असावी, असं मी आपलं समजतो.

आणि मग हजारेक वर्षांनी याच गावात, याच मातीत पाय घालून, गोरोबाकाका उभे राहिले. संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कुणाचं मडकं पक्कं, कुणाचं कच्चं हे सांगणारे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून झालेली ती परीक्षा आणि नामदेवांचा झालेला हिरमोड आपल्याला पाठ आहे. त्यांच्या पायाखालच्या थरांत कितीतरी डोकी पक्की भाजून पडली होती.

ती वर कशी आली? १९५८ साली बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केलं, पुढेही उत्खननं झाली. पण संग्रहालयातल्या वस्तूंचा मोठा भाग एका गावकऱ्यामुळे आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून, पावसानं धुऊन निघालेल्या टेकाडांवरून, नांगराच्या तासांतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, बाहुल्या, ती हस्तिदंती बाई. लोक ज्याला खापरं म्हणून बांधाकडे भिरकावत, ते यांनी उचलून जपलं. आज त्यांच्याच नावानं तिथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तानाग्राच्या हजारो कबरी फोडून बाहुल्या लंडन-पॅरिस-बर्लिनला गेल्या. तेरच्या बाया तेरलाच राहिल्या, ही लामतुऱ्यांची पुण्याई.

एक उणीव मात्र राहते. वरवर वेचलेल्या वस्तूचा थर हरवतो. शेजारी कुठलं नाणं होतं, खाली कुठली वीट होती, हे कळलं तर बाहुलीचं वय कळतं. नाहीतर ती ‘सातवाहन काळ’ या चारशे वर्षांच्या मोठ्या पोतडीत पडते. म्हणून हे सांगणं खास तेर, पैठण, भोकरदन परिसरातल्या शेतकऱ्यांना. विहीर खणताना, नांगरताना मातीचं डोकं हाती आलं तर धुऊ नका, घासू नका. केओलिन मऊ असतं, ब्रशनं कपाळावरचे मणी निघून जातात. जागेचा फोटो काढा, किती हात खोलीवर मिळालं ते लिहा, आसपासची खापरंही ठेवा. जमिनीत मिळालेली जुनी मौल्यवान वस्तू १० रुपयांहून जास्त किमतीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, हा कायदा १८७८ पासून आहे. आणि शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर विकणं १९७२च्या कायद्यानं गुन्हा आहे. दलाल दारात आला तर त्याला हे दोन कायदे सांगा आणि वस्तू तेरच्या संग्रहालयात नेऊन द्या.